बहुप्रक्रिया संगणक-जाल प्रणालींमधील पॅकेट-नोंद : तंत्र, मर्यादा आणि पुरावामूल्य

बीजसंज्ञा : पॅकेट, प्रक्रिया, कर्नल, सॉकेट, पॅकेट-नोंद, डीपीडीके, इलेक्ट्रॉनिक पुरावा

प्रस्तावना

महाराष्ट्र विधानसभेच्या २०१४ च्या निवडणुकीत जालना मतदारसंघाचा निकाल २९६ मतांच्या फरकाने लागला. या निकालास मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठात आव्हान देण्यात आले. तेथे वादाचा मुद्दा मतांचा नव्हता. उमेदवारी अर्ज दुपारी तीनच्या मुदतीत सादर झाला की मुदतीनंतर, हा प्रश्न होता आणि त्याच्या उत्तरासाठी निवडणूक निर्णय अधिकाऱ्याच्या कार्यालयातील कॅमेऱ्यांनी टिपलेले चित्रण पुढे आले. खंडपीठाने नोव्हेंबर २०१७ मध्ये ही निवडणूक रद्दबातल ठरविली. पुढे 'अर्जुन पंडितराव खोतकर विरुद्ध कैलास कुशनराव गोरंट्याल' या नावाने हे प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले आणि १४ जुलै २०२० रोजी दिलेल्या निर्णयाने इलेक्ट्रॉनिक पुराव्यासंबंधीचा देशातील कायदा स्पष्ट झाला.

या निर्णयामागील तत्त्व संगणकशास्त्राच्या विद्यार्थ्यालाही महत्त्वाचे आहे. यंत्राने घेतलेली नोंद केवळ यंत्राने घेतली म्हणून सिद्ध होत नाही. ती कोणत्या यंत्रावर, कोणत्या पद्धतीने, कोणाच्या ताब्यात असताना तयार झाली हे सांगावे लागते. संगणकांच्या जाळ्यातून वाहणाऱ्या पॅकेटची नोंद हीदेखील अशीच एक यांत्रिक नोंद होय. प्रणालीत बिघाड झाला, माहिती चोरीस गेली किंवा एखाद्या ग्राहकास सेवा मिळाली नाही, तर तपास करणारा प्रथम या नोंदीकडे वळतो. 'पॅकेट खोटे बोलत नाही' असा समज संगणक व्यवसायात रूढ आहे. तो अंशतः खरा आहे. पॅकेट खोटे बोलत नसले, तरी त्याची नोंद अपुरी असू शकते. जेथे एकच सेवा अनेक प्रक्रिया मिळून चालवितात, तेथे हा अपुरेपणा वाढतो आणि सहजी ध्यानातही येत नाही.

लेखाची उद्दिष्टे

१) पॅकेटची नोंद कशी घेतली जाते याचे मूलभूत तंत्र स्पष्ट करणे.
२) बहुप्रक्रिया प्रणालींत या नोंदीत कोणत्या उणिवा राहतात आणि का राहतात, याचे विवेचन करणे.
३) नोंदीला पुराव्याचे मूल्य यावे यासाठी तिच्यासोबत कोणती माहिती जपली पाहिजे, हे मांडणे.

१. पॅकेट आणि प्रक्रिया

जाळ्यातून पाठविली जाणारी माहिती लहान तुकड्यांत विभागलेली असते. प्रत्येक तुकड्यावर पाठविणाऱ्याचा व घेणाऱ्याचा पत्ता आणि दोन्ही बाजूंचे पोर्ट क्रमांक लिहिलेले असतात. या तुकड्यास पॅकेट म्हणतात. नेहमीच्या इथरनेट जाळ्यात एका पॅकेटची कमाल मर्यादा १,५०० बाइट असते.

चालू अवस्थेतील प्रोग्रामला इंग्रजीत प्रोसेस म्हणतात. प्रस्तुत लेखात 'प्रक्रिया' हा शब्द याच अर्थाने योजला आहे. प्रत्येक प्रक्रियेची मेमरी स्वतंत्र असते व एकीच्या मेमरीत दुसरी डोकावू शकत नाही. त्यामुळे एक प्रक्रिया कोसळली तरी इतर चालू राहतात. या सुरक्षिततेमुळेच जाळ्यावरील अनेक सेवा बहुप्रक्रिया पद्धतीने रचलेल्या आहेत. अपाची या वेब सर्व्हरच्या 'प्रीफोर्क' पद्धतीत अनेक प्रक्रिया आधीच तयार ठेवल्या जातात. २००४ मध्ये प्रथम प्रसिद्ध झालेल्या एनजिनएक्समध्ये एक मुख्य प्रक्रिया व तिच्या हाताखाली अनेक कामकरी प्रक्रिया असतात. पोस्टग्रेएसक्यूएल ही माहिती-संचय प्रणाली तर येणाऱ्या प्रत्येक जोडणीसाठी वेगळी प्रक्रिया निर्माण करते. महाविद्यालयाचे संकेतस्थळ, बँकेचा व्यवहार किंवा रेल्वेचे आरक्षण यांच्यामागे अशा प्रक्रियांचा समूह काम करीत असतो. वापरणाऱ्याला मात्र एकच सेवा दिसते.

२. नोंद घेण्याचे तंत्र

पॅकेट नोंदविण्याचे आजचे तंत्र अमेरिकेतील लॉरेन्स बर्कले प्रयोगशाळेत आकारास आले. व्हॅन जेकबसन, क्रेग लेरेस आणि स्टीव्हन मॅकॅन यांनी तेथे १९८० च्या दशकाच्या अखेरीस 'टीसीपीडम्प' हे साधन तयार केले. मॅकॅन व जेकबसन यांनी जानेवारी १९९३ मध्ये यूझनिक्स परिषदेत मांडलेल्या शोधनिबंधात 'बर्कले पॅकेट फिल्टर' ही रचना स्पष्ट केली. तिचे मर्म असे, की हवी ती पॅकेट निवडण्याचे काम कर्नलमध्येच, म्हणजे कार्यप्रणालीच्या गाभ्यातच, उरकावे. नको असलेल्या पॅकेटची नक्कल करून ती वापरकर्त्याच्या प्रोग्रामपर्यंत नेण्याचा खर्च त्यामुळे वाचतो. पुढे 'लिबपीकॅप' हा कार्यसंच उपलब्ध झाला आणि बहुतेक सर्व साधने त्यावर उभी राहिली. जेराल्ड कोम्ब्स यांनी १९९८ मध्ये 'इथेरियल' हे चित्रमय साधन प्रसिद्ध केले. २००६ पासून ते 'वायरशार्क' या नावाने ओळखले जाते.

वायरशार्क स्वतःही बहुप्रक्रिया पद्धतीनेच काम करते. पॅकेट उचलण्यासाठी संगणकावर विशेष अधिकार लागतो. उलट, शेकडो प्रकारच्या पॅकेटचा अर्थ लावणारा प्रोग्राम इतका मोठा असतो की त्यात चुका राहणे स्वाभाविक आहे. असा प्रोग्राम विशेष अधिकाराने चालविणे धोक्याचे ठरते. म्हणून 'डम्पकॅप' नावाची एक लहान प्रक्रिया विशेष अधिकाराने पॅकेट उचलून फाइलमध्ये लिहिते आणि अर्थ लावणारी दुसरी प्रक्रिया सामान्य अधिकाराने ती फाइल वाचते. अधिकारांची ही विभागणी बहुप्रक्रिया रचनेचा उत्तम नमुना मानता येईल.

३. पॅकेटवर प्रक्रियेचे नाव नसते

बहुप्रक्रिया प्रणालीतील मूळ अडचण येथे सुरू होते. पॅकेटवर संगणकाचा पत्ता असतो, पोर्ट असतो. पण ते कोणत्या प्रक्रियेने पाठविले अथवा कोणत्या प्रक्रियेने घेतले याचा उल्लेख नसतो. मोठ्या वाड्याचा दिंडी दरवाजा एकच असावा आणि आत अनेक बिऱ्हाडे असावीत, तशी ही स्थिती आहे. पाकिटावर वाड्याचा पत्ता असतो. आत ते कोणी उघडले हे पाकिटावरून कळत नाही.

वेब सर्व्हरच्या आठ कामकरी प्रक्रिया एकाच पोर्टवर येणाऱ्या जोडण्या स्वीकारीत असतील, तर नोंदीतील प्रत्येक पॅकेटवर तोच पोर्ट क्रमांक दिसेल. आठांपैकी एक प्रक्रिया सदोष असल्यास साधारण दर आठ विनंत्यांमागे एक बिघडेल. नोंदीत ती बिघडलेली विनंती दिसेल, पण तिचा संबंध त्या विशिष्ट प्रक्रियेशी जोडता येणार नाही.

हा संबंध जोडण्याचा सरळ उपाय म्हणजे कर्नलकडील सॉकेटची यादी पाहणे. कोणते सॉकेट कोणत्या प्रक्रियेकडे आहे हे लिनक्समध्ये 'एसएस' या आज्ञेने कळते. परंतु ही यादी त्या क्षणापुरती असते. काही मिलिसेकंदांत उघडून मिटलेली जोडणी यादी पाहीपर्यंत नाहीशी झालेली असते.

लिनक्सच्या ३.९ या आवृत्तीत, २०१३ मध्ये, 'एसओ-रीयूजपोर्ट' ही सोय आली. तिच्यामुळे अनेक प्रक्रिया एकाच पोर्टवर स्वतंत्र सॉकेट उघडू शकतात आणि येणाऱ्या जोडण्यांची विभागणी कर्नल करतो. प्रत्येक प्रक्रियेची रांग वेगळी झाल्याने वेग वाढला, मात्र एक नवा दोषही उद्भवला. एखादी प्रक्रिया नव्या आवृत्तीसाठी बंद केली, तर तिच्या रांगेत स्वीकाराची वाट पाहत असलेल्या जोडण्या तुटतात. पॅकेटच्या नोंदीत हे चित्र मोठे गोंधळात टाकणारे दिसते. जोडणीचा तीन टप्प्यांचा प्रारंभ यथास्थित पूर्ण होतो आणि लगेच सर्व्हरकडून जोडणी तोडणारे 'रीसेट' पॅकेट येते. सर्व्हर चालू असतो, इतर ग्राहकांना उत्तरे मिळत असतात. केवळ नोंद पाहणारा तपासनीस जाळ्यातील एखाद्या उपकरणावर संशय घेईल. खरे कारण प्रक्रियांच्या जन्म-मृत्यूच्या वेळापत्रकात असते आणि ते पॅकेटमध्ये लिहिलेले नसते. अशा जोडण्या दुसऱ्या प्रक्रियेच्या रांगेत हलविण्याची सोय लिनक्स ५.१४ मध्ये, २०२१ साली, उपलब्ध झाली. ती वापरायची तर मुद्दाम सुरू करावी लागते.

अलीकडच्या काळात 'ईबीपीएफ' या तंत्राने कर्नलमध्येच लहान तपासणी-प्रोग्राम बसविता येतात आणि जोडणीसोबत प्रक्रियेचा क्रमांकही टिपता येतो. येथेही सावधगिरी हवी. पाठविण्याच्या वेळी कर्नल बहुधा पाठविणाऱ्या प्रक्रियेच्या वतीने काम करीत असतो, त्यामुळे त्या क्षणीचा प्रक्रिया-क्रमांक सहसा बरोबर निघतो. पॅकेट येताना मात्र कर्नल ते इंटरप्टच्या ओघात हाताळतो आणि त्या क्षणी प्रोसेसरवर भलतीच एखादी प्रक्रिया चालू असू शकते. 'सध्या चालू प्रक्रिया कोणती' असे विचारून टिपलेला क्रमांक अशा वेळी निरपराध प्रक्रियेचा निघतो. तो सॉकेटवरून शोधला पाहिजे, चालू प्रक्रियेवरून नव्हे.

४. नोंदीत न दिसणारे व वेगळे दिसणारे

बहुप्रक्रिया प्रणालीचे बरेचसे बोलणे जाळ्यावर येतच नाही. वेब सर्व्हर आणि त्यामागे पृष्ठ तयार करणारी प्रक्रिया यांच्यातील संवाद अनेकदा युनिक्स सॉकेटवरून होतो. हे सॉकेट त्याच संगणकावरील दोन प्रक्रियांना जोडते. तेथे पॅकेट तयार होत नाही, म्हणून टीसीपीडम्पला काही दिसत नाही. विलंब त्या टप्प्यावर असेल, तर नोंदीत फक्त विनंती आणि उत्तर यांमधील रिकामा काळ दिसतो.

दुसरा मुद्दा सांकेतिकीकरणाचा. बाहेरून येणारी माहिती बहुधा टीएलएस पद्धतीने सांकेतिक रूपात असते. पुढची प्रक्रिया ती उलगडते आणि मागच्या प्रक्रियेकडे कित्येकदा साध्या रूपात देते. एकाच विनंतीची बाहेरची नोंद वाचता येत नाही आणि आतली नोंद पूर्ण वाचता येते. तपासाच्या दृष्टीने ही सोय होय. गोपनीयतेच्या दृष्टीने मात्र आतली नोंद बाहेरच्या नोंदीहून कितीतरी धोक्याची असते.

तिसरा मुद्दा जाळे-कार्डाने केलेल्या मदतीचा. आधुनिक कार्डे मोठा मजकूर पॅकेटमध्ये तोडण्याचे व पडताळणी-अंक काढण्याचे काम स्वतःकडे घेतात. कर्नलमधील नोंद त्यापूर्वीची असल्याने पाठविणाऱ्या संगणकावर कित्येक हजार बाइटचे एकच पॅकेट गेल्याचे दिसते आणि पडताळणी-अंक चुकीचा असल्याची सूचना येते. प्रत्यक्ष तारेवर असे पॅकेट कधीच गेलेले नसते. नवशिक्या अभ्यासकाला हा बिघाड वाटतो. वस्तुतः नोंद तारेवर न घेता तिच्या अलीकडे घेतल्याचा तो परिणाम आहे.

चौथा मुद्दा गळतीचा. दर सेकंदाला एक गिगाबिट वेगाची जोडणी पूर्ण भरून वाहत असेल, तर एका दिशेची नोंद तासाला सुमारे ४५० गिगाबाइट होते. दहा गिगाबिटच्या जोडणीवर सर्वांत लहान पॅकेट सलग आली, तर त्यांची संख्या सेकंदाला सुमारे १ कोटी ४८ लाख भरते, म्हणजे एका पॅकेटमागे जेमतेम ६७ नॅनोसेकंद मिळतात. नोंद घेणारी एकच प्रक्रिया येथे पुरी पडत नाही. लिनक्स ३.१ मध्ये, २०११ साली, 'पॅकेट-फॅनआउट' ही सोय आली आणि पॅकेटचा ओघ अनेक नोंद-प्रक्रियांत वाटता येऊ लागला. एका जोडणीची सर्व पॅकेट एकाच प्रक्रियेकडे जातील अशी वाटणी करता येते. तथापि वेगवेगळ्या प्रक्रियांनी लिहिलेल्या फाइली पुन्हा एकत्र करताना त्यांचा परस्परक्रम केवळ वेळेच्या शिक्क्यावर अवलंबून राहतो. टीसीपीडम्प थांबविताना 'कर्नलने सोडून दिलेली पॅकेट' असा आकडा दाखविते. हा आकडा बहुतेक वेळा वाचला जात नाही आणि फाइलसोबत जपलाही जात नाही. तो शून्य नसेल, तर नोंदीत एखादे पॅकेट नसणे याचा अर्थ ते आलेच नाही असा होत नाही.

५. कर्नलला वगळणाऱ्या प्रणाली

दूरसंचार कंपन्या व मोठ्या विदाकेंद्रांत वेगासाठी कर्नललाच बाजूला सारले जाते. इंटेलने २०१० च्या सुमारास सुरू केलेला आणि २०१७ पासून लिनक्स फाउंडेशनच्या छत्राखाली असलेला 'डीपीडीके' हा कार्यसंच यासाठी प्रसिद्ध आहे. यात जाळे-कार्ड बहुधा कर्नलकडून काढून थेट वापरकर्त्याच्या प्रक्रियेकडे दिले जाते. परिणामी टीसीपीडम्प चालविले तरी ते कार्ड कर्नलला दिसतच नाही आणि वाहतूक जोरात चालू असताना नोंद रिकामी राहते.

डीपीडीकेची बहुप्रक्रिया रचना विशिष्ट प्रकारची आहे. एक प्रक्रिया मुख्य असते. ती मोठ्या पानांच्या सामायिक मेमरीची मांडणी करते. इतर दुय्यम प्रक्रिया त्याच मेमरीशी जोडल्या जातात. पॅकेटच्या नोंदीसाठी 'पीडम्प' हा भाग याच रचनेचा उपयोग करून घेतो. दुय्यम प्रक्रिया मुख्य प्रक्रियेस नोंद सुरू करण्याची विनंती करते. मुख्य प्रक्रिया पॅकेट घेण्याच्या व पाठविण्याच्या ठिकाणी नक्कल करणारे लहान कार्य बसविते. नक्कल सामायिक मेमरीतील वर्तुळाकार रांगेत टाकली जाते आणि दुय्यम प्रक्रिया ती तेथून उचलून फाइलमध्ये लिहिते. २०२१ च्या अखेरच्या आवृत्तीपासून वायरशार्कच्या डम्पकॅपसारखे वापरता येणारे साधनही डीपीडीकेसोबत मिळू लागले.

या पद्धतीच्या चार मर्यादा लक्षात घेण्याजोग्या आहेत. पहिली, मुख्य प्रोग्राम लिहिणाऱ्याने ही सोय आधीच अंतर्भूत केलेली असावी लागते. बिघाड झाल्यावर ती बाहेरून जोडता येत नाही. दुसरी, नक्कल करण्याचा वेळ मुख्य प्रक्रियेच्याच वाट्याचा असतो. म्हणजे नोंद घेण्याच्या कृतीने नोंदविली जाणारी प्रणाली मंदावते आणि वेळेशी निगडित दोष कधी नाहीसा होतो, तर कधी नव्याने उद्भवतो. तिसरी, दुय्यम प्रक्रियेचा लिहिण्याचा वेग कमी पडल्यास रांग भरते व नकला टाकून दिल्या जातात. मूळ पॅकेट सुखरूप पुढे जाते, पण नोंदीत ते नसते. चौथी, कार्डावरच गळालेले पॅकेट नक्कल करणाऱ्या कार्यापर्यंत पोहोचत नाही. त्याचा हिशेब कार्डाच्या आकडेवारीत शोधावा लागतो.

६. क्रमाचा प्रश्न : मुंबईतील शेअर बाजाराचे उदाहरण

आतापर्यंतचे विवेचन तांत्रिक दोष शोधण्यापुरते होते. पॅकेटच्या क्रमावर आर्थिक हितसंबंध अवलंबून असतात तेव्हा काय घडते, याचे उदाहरण मुंबईतील राष्ट्रीय शेअर बाजाराच्या को-लोकेशन प्रकरणात सापडते. या सुविधेत दलालांना आपले सर्व्हर बाजाराच्या विदाकेंद्रातच ठेवता येतात. प्रत्येक व्यवहाराची तत्काळ माहिती देणारी 'टिक-बाय-टिक' सेवा प्रारंभीच्या काळात टीसीपी जोडणीवरून दिली जाई. टीसीपी ही दोघांमधील जोडणी असल्याने एकच माहिती प्रत्येक ग्राहकास स्वतंत्रपणे, एकापाठोपाठ एक, पाठवावी लागते. साहजिकच सर्व्हरशी आधी जोडला गेलेला ग्राहक रांगेत पुढे राहतो. मल्टिकास्ट पद्धतीत हा प्रश्न बराचसा मिटतो, कारण एकदाच पाठविलेले पॅकेट जाळ्यातील स्विचच सर्वांकडे वळवितो. २०१४ पासून बाजार या पद्धतीकडे वळला.

२०१५ मध्ये तक्रारीच्या पत्राने या प्रकरणास तोंड फुटले. ३० एप्रिल २०१९ रोजी सेबीने बाजारास ६२४.८९ कोटी रुपये व्याजासह भरण्याचा आदेश दिला. जानेवारी २०२३ मध्ये रोखे अपील न्यायाधिकरणाने तो वसुलीचा आदेश रद्द केला आणि १०० कोटी रुपये गुंतवणूकदारांच्या निधीत भरण्यास सांगितले. सप्टेंबर २०२४ मध्ये सेबीने संगनमताचे आरोप पुराव्याअभावी निकाली काढले. प्रकरणाच्या कायदेशीर बाजूचा निवाडा करणे हा येथे हेतू नाही. सर्व्हरशी आधी कोण जोडला गेला याच्या नोंदी या चर्चेत केंद्रस्थानी होत्या, ही बाब प्रस्तुत विषयाशी संबंधित आहे.

'आधी कोण जोडला गेला' आणि 'आधी माहिती कोणाला मिळाली' हे दोन प्रश्न निकटचे असले तरी एक नाहीत. पहिल्याचे उत्तर प्रक्रियेच्या लॉगमध्ये मिळते. दुसऱ्यासाठी पॅकेटची नोंद लागते, आणि तीही योग्य ठिकाणची. पाठविणाऱ्या सर्व्हरच्या कर्नलमधील नोंद पॅकेट कोणत्या क्रमाने बाहेर पडण्यास निघाली हे सांगते. ग्राहकाच्या यंत्रावरील नोंद ते केव्हा पोहोचले हे सांगते, पण दोन ग्राहकांची घड्याळे मायक्रोसेकंदापर्यंत जुळलेली नसतील, तर दोघांच्या नोंदींची तुलना निरर्थक ठरते. पाठविणाऱ्या प्रक्रिया अनेक असतील, तर त्यांच्या लॉगमधील वेळ ही प्रक्रियेने लिहिण्यास सांगितल्याची वेळ असते, तारेवर गेल्याची नव्हे. जाळ्यातील एकाच ठिकाणी, एकाच घड्याळाने घेतलेली नोंदच अशा प्रश्नाचे समाधानकारक उत्तर देऊ शकते.

७. कायदा आणि पुरावामूल्य

खोतकर प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने भारतीय पुरावा अधिनियम, १८७२ च्या कलम ६५-ब (४) खालील प्रमाणपत्र आवश्यक असल्याचे सांगितले. मूळ उपकरणच न्यायालयात आणून त्याच्या मालकाने साक्ष दिली, तर प्रमाणपत्राची गरज नाही. परंतु संगणक एखाद्या मोठ्या प्रणालीचा किंवा जाळ्याचा भाग असेल आणि तो न्यायालयात आणणे अशक्य असेल, तर प्रमाणपत्रासह सादर केलेली प्रत हाच मार्ग उरतो. पॅकेटची नोंद जवळजवळ नेहमीच या दुसऱ्या प्रकारात मोडते. वाहून गेलेले पॅकेट पुन्हा हजर करता येत नाही आणि चालू सेवेचा सर्व्हर उचलून नेता येत नाही.

१ जुलै २०२४ पासून जुन्या अधिनियमाच्या जागी भारतीय साक्ष्य अधिनियम, २०२३ लागू झाला. त्याच्या कलम ६३ मध्ये प्रमाणपत्राची तरतूद असून अनुसूचीतील नमुन्याचे दोन भाग आहेत : एक नोंद सादर करणाऱ्याचा व दुसरा तज्ज्ञाचा. फाइलचे हॅश-मूल्य त्यात लिहावे लागते. फाइलमधील एक बिट बदलला तरी हे मूल्य बदलते, म्हणून नोंद घेतल्यानंतर तिच्यात फेरफार झाला नाही हे त्यावरून दाखविता येते. नोंद घेतानाच काही सुटले असेल, तर ते मात्र हॅश-मूल्यावरून कळत नाही. ही उणीव तज्ज्ञाच्या जबाबातच भरून निघाली पाहिजे.

घड्याळाबाबतही नियम आहेत. सर्ट-इनने २८ एप्रिल २०२२ रोजी काढलेल्या निर्देशांनुसार संस्थांनी आपली घड्याळे राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्र किंवा राष्ट्रीय भौतिकी प्रयोगशाळा यांच्या वेळ-सर्व्हरशी, किंवा त्यांच्याशी जुळणाऱ्या सर्व्हरशी, जुळवून ठेवावीत आणि प्रणालींचे लॉग १८० दिवस जपावेत, असे बंधन आहे.

याची दुसरी बाजूही तितकीच महत्त्वाची आहे. पॅकेटच्या नोंदीत पासवर्ड, आरोग्याची माहिती, खासगी पत्रव्यवहार असे सर्व काही येऊ शकते. मालकाच्या परवानगीवाचून दुसऱ्याच्या जाळ्यातील माहिती उतरवून घेणे माहिती तंत्रज्ञान अधिनियम, २००० च्या कलम ४३ व ६६ खाली कारवाईस पात्र ठरते. वाहतुकीच्या माहितीवर देखरेख ठेवण्याचा शासनाचा अधिकारही कलम ६९-ब व त्याखालील २००९ च्या नियमांनी बांधलेला आहे. म्हणून आवश्यक तेवढेच, आवश्यक तेवढ्या काळासाठी नोंदविणे हेच योग्य होय.

८. नोंदीचा पंचनामा

घटनास्थळी सापडलेली वस्तू पंचनाम्याशिवाय पुरावा म्हणून टिकत नाही. पॅकेटच्या नोंदीलाही तिचा पंचनामा जोडलेला असावा. त्यात पुढील बाबी असाव्यात.

१) स्थान : नोंद तारेवर, स्विचवर, कर्नलमध्ये की प्रक्रियेच्या आत घेतली, कोणत्या बाजूची घेतली.
२) वेळ : घड्याळ कोणाशी जुळविलेले होते, वेळेचा शिक्का कार्डाने मारला की कर्नलने.
३) प्रक्रिया : नोंदीच्या काळात सेवेच्या कोणत्या प्रक्रिया चालू होत्या, केव्हा सुरू झाल्या, केव्हा थांबल्या, कोणती जोडणी कोणाकडे होती.
४) गाळणी : कोणती पॅकेट निवडली व प्रत्येकाचे किती बाइट घेतले. टीसीपीडम्पच्या जुन्या आवृत्त्या आपणहून पहिले ६८ बाइटच घेत, हे जुन्या फाइली वाचताना स्मरणात ठेवावे.
५) गळती : कार्ड, कर्नल आणि नोंद-प्रक्रिया या तिन्ही ठिकाणी किती पॅकेट सुटली.
६) ताबा : फाइल कोणी, कोणत्या अधिकाराने घेतली, हॅश-मूल्य केव्हा काढले व त्यानंतर ती कोणाकडे होती.

हे सर्व शिकविण्यासाठी महागडी उपकरणे लागत नाहीत. छत्रपती संभाजीनगर शहरातील किंवा मराठवाड्यातील कोणत्याही महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेत, एकाच लिनक्स संगणकावर 'नेटवर्क नेमस्पेस' वापरून दोन कल्पित यंत्रे व त्यांना जोडणारी कल्पित तार तयार करता येते. एका यंत्रावर चार कामकरी प्रक्रियांचा वेब सर्व्हर चालवावा, दुसऱ्यावरून विनंत्या पाठवाव्यात, दोन्ही टोकांना नोंद घ्यावी आणि मध्येच एक प्रक्रिया बंद करावी. दोन नोंदी व सर्व्हरचा लॉग शेजारी ठेवून काय घडले ते विद्यार्थ्यांनी लिहावे. इतर कोणाच्याही माहितीस यात स्पर्श होत नाही आणि नोंदीची मर्यादा विद्यार्थी स्वतः अनुभवतो.

निष्कर्ष

पॅकेटची नोंद ही एका ठिकाणी उभ्या असलेल्या साक्षीदाराची साक्ष आहे. तो जे पाहतो ते सहसा खरे सांगतो, पण भिंतीपलीकडचे त्याला दिसत नाही. एकाच प्रक्रियेच्या साध्या प्रणालीत भिंती कमी असतात. बहुप्रक्रिया प्रणालीत प्रत्येक प्रक्रियेची मेमरी ही एक भिंत असते, युनिक्स सॉकेट ही आतली वाट असते आणि कर्नलला वगळणारी प्रणाली तर साक्षीदाराला दाराबाहेरच ठेवते. यास्तव अशा प्रणालींची रचना करतानाच नोंदीची ठिकाणे ठरविणे, प्रक्रियांचा इतिहास लॉगमध्ये जपणे आणि गळतीचे आकडे नोंदीसोबत ठेवणे आवश्यक आहे. जालन्याच्या निवडणुकीपासून मुंबईच्या शेअर बाजारापर्यंत 'आधी की नंतर' या साध्या प्रश्नावर मोठे निर्णय अवलंबून राहिले आहेत. त्या प्रश्नाचे उत्तर यंत्राकडून हवे असेल, तर यंत्र कोठे उभे होते, त्याचे घड्याळ कोणते होते आणि त्याच्या नजरेतून काय सुटले, याची माहितीही उत्तरासोबत मिळाली पाहिजे. ती नसेल, तर कितीही मोठी नोंद-फाइल हा केवळ माहितीचा साठा ठरतो, पुरावा ठरत नाही.